पुढचं शून्य

आमच्या भावजींइतका हुशार माणूस कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत नाही, हे मी केव्हाच मान्य केलंय. न करून करतो काय, ते स्वतःच भेटेल त्याला सांगत सुटतात. ताईचे हे यजमान जावा नावाच्या संगणकी भाषेत प्रोग्राम लिहून पोट भरतात आणि उरलेल्या वेळात जगातल्या बिनकामाच्या गोष्टी हुडकतात. घराच्या पाटीवर ०७ होतं, त्यातलं शून्य त्यांनी पॉलिशपेपरने घासून काढलं. "पुढच्या शून्याला किंमत नसते," म्हणाले. आयता मेसेज फॉरवर्ड करणं तर त्यांच्या लेखी उष्टं खाणं.

तर त्यांच्या लेकीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी कळलं की चौक गावातल्या हॉलवाल्याने एकाच मुहूर्ताला दोन लग्नं घेतलीत. आम्ही धावपळ करून कळंबच्या एका रिसॉर्टचं लॉन मिळवलं. तीनशे पाहुण्यांना कळवायला सगळ्यांनी फोन काढले, तोच भावजींनी हात वर केला. लॅपटॉपला सिमकार्डाचं डबडं जोडलं आणि स्वतःच्या प्रोग्रामने अस्सल मराठीत निरोप धाडला. आधी एकाला पाठवून बघा म्हटलं, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू देवाकडे ओळखपत्र मागितलं.

सकाळी आमच्या चुलत्यांचा फोन. "रं, ह्यो चिनी कागूद कुनी धाडलाय? आमी पुसून टाकला."

त्या डबड्याला प्रत्येक अक्षराचा हेक्स संकेत, म्हणजे संगणकाला कळणारा आकडा, चार आकडी लागतो. 'क' म्हणजे ०९१५. जावाला आकड्याचं हेक्स करून मागितलं की ती पुढचं शून्य गिळते, हातात येतं ९१५. मराठीच्या प्रत्येक अक्षरापुढे शून्य. डबडं बिचारं चार-चार मोजत बसलं, शेजारच्या अक्षराचा आकडा ओढून घेत गेलं आणि लग्नाचा निरोप चिनी झाला.

भावजी एकदाच म्हणाले, "चुकलं माझं." मग फेटा बांधून चौकला त्या हॉलच्या दारासमोर जाऊन उभे राहिले. आम्ही एकेकाला फोन करत सुटलो, पण ज्यांचे फोन लागले नाहीत ते सगळे तिथेच येणार होते. एकेकाला गाडीत, टेंपोत बसवून कळंबला धाडत राहिले. मी दहादा फोन केला. "एवढे येऊ देत, निघतोच," हेच उत्तर. शेवटच्या टेंपोतून ते पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. भाची बापाच्या गळ्यात पडून रडली आणि मला पहिल्यांदाच त्यांना टोमणा मारवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रोग्राम दुरुस्त केला. जिथे कमी पडेल तिथे पुढे शून्य. लगेच लेकीला निरोप पाठवला, पण यादी बदलायला विसरले. आम्हा तीनशे जणांच्या फोनवर स्वच्छ मराठीत उमटलं: "नीट पोचलीस का गं बाळा? घर फार शांत आहे."

मी हसणारच होतो, तेवढ्यात चुलत्यांचा फोन आला.

"रं, तुज्या भावजीला सांग, आमी बी पोचलो नीट. कुनी काय बोललं नाय तर वाईट वाटंल त्याला."