साळवेंचा अपुरा राहिलेला वाद

प्रभाकर साळवे गेले, तेव्हा मी सौदीतल्या जुबैलला घरी जेवत होतो. रास अल खैरच्या प्लांटवरून फोन आला. "साळवे साब पंपहाऊस में गिर गये... खलास." काम संपलं की इथे सगळे म्हणतात तो शब्द बोलणाऱ्याच्या तोंडून सवयीने गेला. मी ताट तसंच सोडून निघालो.

साळवे नाशिकचे, मराठी ख्रिस्ती. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या या कामात आम्ही दोघांनी उमेदीची वर्षं घालवली. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. शुक्रवारी मी चहाला जायचो. खिडक्या लावून, शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने ते मराठी भजनं म्हणत. या देशात चर्चला परवानगी नाही. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही.

गेल्या वर्षी अशाच एका शुक्रवारी अमेरिकेहून मुलाचा, अमितचा, व्हिडिओ कॉल आला. तो तिथल्या चर्चच्या कामात पडला होता. "पपा, हा देश ख्रिस्ती तत्त्वांवर उभा राहिला. ती तत्त्वं पुन्हा कायद्यात यायला हवीत."

साळवेंनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "धर्मावर उभ्या असलेल्या देशात मी आयुष्य काढलं, बाळा. माणसं चांगली भेटली. पण प्रार्थना मी कुजबुजत करतो. तुझ्याकडे कुजबुजायची पाळी कुणावर येणार, ते सांग."

"ते वेगळं आहे. तुम्हाला नाही कळणार."

"परक्याला जवळ कर, एवढंच मला कळलंय. देश त्यावर उभारा की!"

फोन बंद झाला. त्यानंतर अमितचा फोन आलाच नाही. यांनी केलेला त्याने उचलला नाही. "कुलकर्णी, बायबल मीच त्याला वाचायला शिकवलं हो," ते एकदा म्हणाले. "त्याने नेमकं कुठलं पान वाचलं?"

कागदपत्रं होईपर्यंत साळवे दम्मामच्या शवागारात पडून होते. मग मी त्यांना नाशिकला नेलं. दफन झाल्यावर अमेरिकेहून आलेला अमित जवळ आला.

"पपा रागावले होते?"

"नाही. दर शुक्रवारी तुझं नाव घेऊन प्रार्थना करायचे."

तो ओल्या मातीकडे बघत राहिला. "काका, मला अजूनही वाटतं, माझंच बरोबर आहे... पण आता भांडू कुणाशी?"

मी कामावर परतलो. कंट्रोल रूमचं दार जड आहे, आपोआप मिटतं. आत शिरताना साळवे ते धरून मागे वळून बघायचे, कुणी येतंय का म्हणून. हल्ली माझाही हात तिथे थांबतो... मागे बहुतेक वेळा कुणीच नसतं.