पंढरीच्या पगारातले पंच्याऐंशी रुपये

कोपर गावचा पंढरी म्हात्रे हा आमच्या नौपाड्यातल्या कचेरीतला सगळ्यात शिष्ट कारकून. गावातला पहिला बी.एस्सी. त्र्याहत्तर साली पास झाला तेव्हा गावानं त्याला मिरवलं होतं, आणि ती मिरवणूक त्याच्या डोक्यातून अजून उतरली नव्हती. साहेबांच्या इंग्रजीतही चुका काढायचा शहाणा!

शहाऐंशी साली साहेबांना पत्र आलं. पंढरीनं कॉलेजसाठी घेतलेलं सरकारी कर्ज तेरा वर्षांत एक पैसाही फेडलेलं नाही, तरी दरमहा पगारातून पंच्याऐंशी रुपये कापावेत. पगारवाटप माझ्याकडे. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"गावात काय सांगितलंयस?" मी विचारलं.

"स्कॉलरशिप मिळालेली म्हणून. मला वाटलेलं, सरकार कुठे आठवण ठेवतंय! बाबाला कळलं ना, तर मेलोच मी."

त्याचा बाप गोमाजी जन्मभर मिठागरात राबलेला. 'सरकारनं माझ्या पोराला फुकट शिकवलं' हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. जामीन म्हणून त्या कर्जाच्या कागदावर अंगठा त्याचाच होता, पण कागद कसला ते पंढरीनं त्याला सांगितलंच नव्हतं.

पगाराच्या दिवशी सगळे एकाच रजिस्टरात सही करायचे. त्यामुळे कोणाचं काय कापलं ते साऱ्या कचेरीला पाठ. पंढरी कपातीच्या रकान्यावर डावा पंजा पसरून सही करायचा. तीन वर्षं मी त्याला त्यावरून छळलं.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात, नेमका पगाराच्या दिवशी, गोमाजी कचेरीत उगवला. धाकट्या मुलीची हळद होती, आणि आगऱ्यांच्या हळदीच्या आमंत्रणाला नुसती पत्रिका पाठवून भागत नाही. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना बोलावून झाल्यावर तो माझ्या टेबलाशी आला.

"माज्या पोऱ्याची सही दाखव."

पंढरी पांढराफटक. मी रजिस्टर मिटणार होतो, पण म्हाताऱ्यानं मध्ये हात घातलाच. अक्षरओळख नसली तरी पोराची सही तो ओळखायचा, आणि मिठाच्या गोण्या मोजून मोजून आकडे न् वजाबाकी त्याला चांगली कळायची.

"ह्ये पंच्याऐंशी कसलं कापलं?"

पंढरी म्हणाला, "बाबा, माझं शिक्षण फुकट नव्हतं. कर्ज होतं. मी फेडलंच नाय."

"मंग मी आंगठा कसला दिलेला?"

"जामीनकीचा."

आता कानफटात बसणार म्हणून पंढरीनं डोळे मिटले. गोमाजी मात्र साहेबांवर उखडला. "आंगठा माजा, न् पैसं ह्याचे पगारातून? मी काय मेलू का? मना इचारलं कोनी?"

साहेब एवढंच म्हणाले, की आता अकराच हप्ते राहिलेत.

म्हाताऱ्यानं बोटांवर अकरा मोजले. मग त्यानं पंढरीच्या पाठीवर थाप मारली. "मंग कापू दे. हलदीला सगल्या गावासमोर सांगन मी, माजा पोऱ्या सोताचे पैशानी शिकला."

पंढरी भर कचेरीत हुंदके देऊन रडला. आणि त्या शिष्ट माणसाचा मला, खरंच सांगतो, हेवा वाटला.