गणितासकट दहावी

"मॅडम, ती ओपनची दहावी खरी हाय ना?"

सुनंदा घरत यांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्यासमोर दोन्ही पर्याय मांडून नुकतीच थांबले होते. किती विषय, अभ्यास कुठे, परीक्षा कधी, असं काहीतरी त्या विचारतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांना एवढंच हवं होतं.

"खरी म्हणजे?"

"म्हनजे खरीच. माजा दीर बोलतो, ते नापासांचं दुकान हाय."

थोडं मागचं सांगते. उरण रोडवरच्या एका वेअरहाऊसमध्ये मी एचआर बघते. भरती, रजा, हजेरी, आणि माणसांची आपसातली भांडणं, हे माझं काम. आमच्याकडे बाहेरच्या देशांतून आलेला माल कंटेनरमधून उतरतो. त्यावर इथल्या नियमाप्रमाणे लेबल लागतं, खोकी नव्यानं भरली जातात आणि माल पुढे जातो. लेबलिंगच्या लाईनवर बहुतेक आसपासच्या गावांतल्या बायका आहेत. सुनंदाताई तिथेच हेल्पर म्हणून लागल्या आणि गेली काही वर्षं त्या लाईनच्या सुपरवायझर होत्या. वय एकेचाळीस. शिक्षण नववी. नवरा उरणच्या जेटीवर कामाला.

मग आमची कंपनी एका मोठ्या ग्रुपनं विकत घेतली आणि ग्रुपची पॉलिसी आली. सुपरवायझर ग्रेडला किमान दहावी पास. जुन्या लोकांना पुढच्या वर्षीच्या अप्रेझलपर्यंत मुदत. नाही जमलं तर खालच्या ग्रेडला जायचं. म्हणजे सुनंदाताई पुन्हा लाईनवर उभ्या राहणार आणि बाहेरून आलेलं कोणीतरी त्यांना काम सांगणार.

मी त्यांना सांगितलेले दोन रस्ते असे. पहिला, राज्य मंडळाची नेहमीची दहावी. शाळेत न जाता ती देता येते. त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा आणि मार्चमध्ये मुलांच्या बरोबरीनं सगळे विषय एकदम द्यायचे. गणित, इंग्रजी, विज्ञान, काही सुटत नाही. दुसरा, ओपन स्कूलिंग, म्हणजे मुक्त शाळा. त्यात पाच विषय पुरतात, बरेचसे आपण निवडायचे. मराठीतून देता येते. एकेक विषय सुटा सोडवता येतो. एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा द्यायचा, आणि त्यासाठी मार्चची वाट बघावी लागत नाही. गणित नको असेल तर नाही घेतलं तरी चालतं.

"सरकारमान्य आहे," मी म्हटलं. "पुढे अकरावीला, नोकरीला, सगळीकडे धरतात. खोट्या दहाव्या वेगळ्या असतात. परीक्षा न देता सर्टिफिकेट घरी पाठवतो म्हणणारे एजंट असतात ना, ते खोटे. इथे पेपर द्यावे लागतात."

"आनि आपली कंपनी धरंल?"

"धरेल," मी म्हटलं. पण त्या गेल्यावर पॉलिसी पुन्हा काढून वाचली. तिथे फक्त 'एसएससी' एवढंच लिहिलं होतं. एसएससी हे राज्य मंडळाच्या परीक्षेचं नाव. समकक्ष परीक्षेबद्दल एक अक्षर नव्हतं. उद्या एखाद्या ऑडिटरनं बोट ठेवलं असतं तर या बाईची वर्षभराची मेहनत पाण्यात गेली असती.

मी हेड ऑफिसला फोन लावला. तिथल्या मॅडम दिल्लीच्या.

"पॉलिसी में तो एसएससी लिखा है," त्या म्हणाल्या.

"मॅडम, आपके यहाँ दिल्लीवाला कोई एसएससी नहीं करता. वहाँ का बोर्ड अलग है. फिर वो लोग कैसे चलेंगे?"

"वो तो इक्विव्हॅलंट है ना."

"मैं वही पूछ रही हूँ. ओपन बोर्ड भी इक्विव्हॅलंट है. एक लाईन मेल कर दीजिए."

मेल यायला वेळ लागला, दोनदा आठवण करावी लागली, पण आली. ती मी प्रिंट काढून सुनंदाताईंना दाखवली. त्यांनी ती दिराला दाखवायला म्हणून मोबाईलमध्ये फोटो काढून घेतला.

आमचे ऑपरेशन्स हेड देशपांडे सर. माल वेळेत गेला पाहिजे, बाकी कशात त्यांना रस नसतो. पण सुनंदाताई लाईनवर असल्या की माल वेळेत जातो हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"शिंदे मॅडम, सोपे पाच विषय घ्यायला लावा आणि हा विषय संपवा," ते म्हणाले.

मीही तेच ठरवलं होतं. मराठी, हिंदी, सामाजिक शास्त्र, गृहविज्ञान आणि डेटा एंट्री. डेटा एंट्रीचं प्रॅक्टिकल तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर करून घेता आलं असतं. ऑनलाईन ॲडमिशनसाठी सुनंदाताई माझ्या बाजूला खुर्ची ओढून बसल्या. मी गृहविज्ञानावर क्लिक करणार तेवढ्यात म्हणाल्या, "ते नको. गनित घाला."

"गणित कंपल्सरी नाहीये ताई."

"ठाऊक हाय. तुमीच सांगितलंत."

"मग कशाला? त्यातच लोक अडकतात. गणितच द्यायचं होतं तर बोर्डाची दहावी का नाही घेतलीत?"

"तिकडं सगलं एकाच टायमाला. इंग्लिश, सायन्स, सगलं. लाईन सांबालून तेवढं नाय होनार माज्यानं. इकडं एकेक घेता येतं." मग म्हणाल्या, "मी नववीन होते तवा सरांनी माज्या बापाला बोलावलं. बोलले, हिच्या डोक्यान गनित शिरत नाय, कशाला पैसं घालवतोस. बापानं दुसऱ्या दिवशी शाला बंद केली. त्याला तरी काय बोलू, त्याला निमित्तच पायजे होतं. पन मना कदी कललं नाय, मना खरंच येत नव्हतं का कोनी नीट शिकवलंच नाय."

माझा हात माऊसवरच होता.

"तेवडं बघायचं हाय," त्या म्हणाल्या.

मी गणितावर क्लिक केलं. देशपांडे सरांना तेव्हा सांगितलं नाही.

अभ्यासकेंद्र पनवेलच्या एका शाळेत होतं. सुट्टीच्या दिवशी वर्ग भरायचे. वर्गात रिक्षावाले, सलूनमधल्या मुली, एक बसड्रायव्हर, आणि बऱ्याचशा आया. तिथून आल्या की सोमवारी लंचमध्ये सुनंदाताई माझ्या केबिनमध्ये डबा घेऊन यायच्या. मी कॉमर्सची. अपूर्णांक आणि टक्केवारीपर्यंत माझं ठीक चाललं. बीजगणितात आम्ही दोघी अडकलो. मग मोबाईलवरचे व्हिडिओ लावून बसायचो. एकाच उदाहरणाचा व्हिडिओ त्या पुन्हा पुन्हा मागे घेऊन बघायच्या. भात गार व्हायचा.

"हा एक्स कोन हाय ते सांगा आधी," त्या एकदा वैतागून म्हणाल्या.

"तेच शोधायचंय."

"मग नाव कशाला ठेवलंय त्याचं, सापडला नाय तर?"

पुढच्या सोमवारी त्यांनी स्वतःच एक समीकरण सोडवून दाखवलं. चुकलं होतं, पण शेवटच्या पायरीवर.

लाईनवर सुरुवातीला चेष्टा झाली. बायका त्यांना 'कॉलेज' म्हणायला लागल्या. त्यांनी कोणावर आवाज चढवला नाही. परीक्षा जवळ आली तेव्हा त्याच बायकांनी आपसात ठरवून संध्याकाळचं हँडओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टला काम समजावून देणं, स्वतःकडे घेतलं. ताई वेळेवर घरी जायला लागल्या.

निकाल लागला. चार विषय सुटले. मराठीत तर चांगले मार्क. गणित राहिलं.

देशपांडे सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "गणित? गणित कोणी घ्यायला सांगितलं होतं?"

"त्यांनी स्वतः घेतलं."

"आणि तुम्ही घेऊ दिलंत?"

"त्यांची परीक्षा आहे, सर."

"पोस्ट माझी आहे, मॅडम. विषय बदलता येतो ना? मग बदला. अप्रेझलच्या आत कागद आला नाही तर मला बाहेरून माणूस आणावा लागेल. मला आणायचा नाहीये."

त्यांचं चूक नव्हतं. ओपनमध्ये राहिलेल्या विषयाऐवजी दुसरा घेता येतो. मी सुनंदाताईंना तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "आजून एकदा बगते," म्हणाल्या. "टाईम हाय ना?"

वेळ होता, एका प्रयत्नाचा. विषय बदलायचा तर त्यासाठीही वेळ लागणार होता. मी कॅलेंडर समोर ठेवून सगळं दाखवलं. आता गणित दिलं आणि राहिलं, तर त्यानंतर दुसरा विषय देऊन निकाल हातात येईपर्यंत अप्रेझल अगदी अंगावर येणार. एक दिवस इकडे तिकडे झाला तर ग्रेड गेली.

"घरी विचारा," मी म्हटलं.

"विचारलं. ते बोलले, तुला काय वाटंल ते कर, पन मागाहून रडू नको."

त्यांनी गणित पुन्हा दिलं. पुन्हा राहिलं, अगदी थोडक्यात. मोबाईलवर निकाल बघताना त्या माझ्यासमोरच होत्या. रडल्या नाहीत. डोक्यावरची कंपनीची टोपी काढली, केस नीट केले, टोपी पुन्हा घातली.

"बदला विषय," म्हणाल्या.

"गृहविज्ञान?"

"तुमी आधीच सांगितलेला तोच."

ते आठवडे मला जड गेले. देशपांडे सरांनी बाहेरच्या दोन उमेदवारांचे इंटरव्ह्यू घ्यायला सांगितले, आणि ते घेणं माझं कामच होतं. त्यातली एक मुलगी खरंच चांगली होती. तिला मी 'कळवते' म्हटलं. सुनंदाताईंनी तिला गेटमधून आत येताना पाहिलं होतं. त्यांनीच तिला प्यायला पाणी दिलं.

गृहविज्ञान एका झटक्यात सुटलं. निकाल अप्रेझलच्या अगोदर आला. फार अगोदर नाही, पण आला. मी हेड ऑफिसला कागद पाठवले, सोबत ती समकक्षतेची मेल जोडली. एक प्रश्नही आला नाही. ग्रेड कायम राहिली. देशपांडे सरांनी लाईनवर जाऊन सर्वांसमोर अभिनंदन केलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुनंदाताईंनी मान हलवली आणि मालाच्या पुढच्या पॅलेटकडे वळल्या. केबिनमध्ये परत आले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या लेखी प्रकरण संपलं होतं.

काही महिन्यांनी त्या रजेचा अर्ज घेऊन आल्या. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: परीक्षा.

"कसली परीक्षा?"

"गनिताची."

"ताई, तुम्ही दहावी पास झालात. आता गरज नाही."

"पास झालेल्याला बी एक विषय देता येतो. पनवेलच्या सेंटरवरल्या बाईंनी सांगितलं. मी फी भरून आले."

त्यांचं बरोबर होतं, जादा विषय म्हणून देता येतो. अडचण वेगळी होती. आमच्याकडे परीक्षेची भरपगारी रजा आहे, पण ती ग्रेडसाठी लागणाऱ्या परीक्षेपुरती. ही परीक्षा ग्रेडला लागत नव्हती. मी तसं सांगितलं.

"मग माजी सीएल लावा," त्या म्हणाल्या. सीएल म्हणजे किरकोळ रजा. बायका ती लग्नाकार्यासाठी राखून ठेवतात.

मी सीएल लावली. देशपांडे सरांनी सही करताना कारण वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

या वेळी आमचे लंचचे वर्ग झाले नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, आता गरज नाय, पोरीचं पुस्तक हाय. मुलगी त्या वर्षी नववीत होती. दोघी एकाच टेबलावर बसायच्या म्हणे, आणि कोण आधी सोडवतं यावरून भांडायच्या.

निकालाच्या दिवशी मी पगाराच्या कामात होते. दरवाजा उघडून त्या आत आल्या. मोबाईल पुढे केला. पासच्या रेषेच्या जरासेच वर मार्क होते.

"येतं मना," त्या म्हणाल्या.

"येतं," मी म्हटलं.

या वेळी त्या खुर्चीवर बसल्या. लाईन चालू होती, तरी बसल्या. वडील कधीच गेले होते, ते सर आता कुठे असतील कोणाला माहीत. सांगायला तसं कोणी उरलं नव्हतं. थोड्या वेळानं उठल्या आणि कामाला गेल्या.

मी त्यांची नवी मार्कशीट कंपनीच्या सिस्टीममध्ये टाकायला गेले. सिस्टीमनं ती घेतली नाही. दहावी पास अशी नोंद आधीच होती, दुसऱ्यांदा पास होण्याची सोय नव्हती. हेड ऑफिसला विचारलं. उत्तर लगेच आलं: नो ॲक्शन रिक्वायर्ड.

तेव्हापासून आमच्याकडचे बरेच जण दहावीचं विचारायला येतात. मी त्यांना दोन्ही रस्ते सांगते. दोन्ही खरे आहेत. वर्षभर नेमानं बसता येत असेल तर बोर्डाची द्या, तुकड्यातुकड्यानंच वेळ मिळणार असेल तर ओपनची. आपल्या पॉलिसीत कोणती धरतात ते आधी लेखी घ्या. एजंटच्या नादी लागू नका. गणित सोडा असा सल्ला मात्र मी आता देत नाही. घेणार का, एवढंच विचारते.