खंडेनवमीची सुट्टी

कोल्हापूरचा नवा राजवाडा मी अकरा वेळा पाहिला आहे. ऑफिसातल्या बायकांची सहल ठरली की मलाच विचारतात, तिकीट कुठे काढायचं, देवळाच्या रांगेत किती वाजता उभं राहायचं, दसऱ्याला चौकात कुठे उभं राहिलं की नीट दिसतं. मी सांगते. एवढी माहिती कुठून, असं कोणी विचारलं तर लहानपणी जायचो म्हणते. ते खरं आहे, पण हौसेने जायचो असा जो अर्थ निघतो तो खरा नाही.

गिरण्यांच्या संपाला दहावा महिना लागला तेव्हा मी आठवीत होते. लालबागला एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. बाबा मिलच्या विणखात्यात साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर होते आणि जानेवारीपासून घरी बसले होते. आई मसाल्याच्या दुकानासाठी मिरच्यांची देठं खुडायची. तिच्या हातांची आग व्हायची म्हणून माझी वेणी मीच घालायला शिकले.

बाबांबरोबर साच्यावर काम करणारे एक काका मूळचे कोल्हापूरचे. संप लांबला तसे ते गावी परतले आणि तिथून जवळच इचलकरंजीला लागले. मुंबईत ज्याला साचा म्हणतात त्याला तिकडे माग म्हणतात. त्यांचं पत्र आलं, ‘मालक माणूस शोधतोय. दसऱ्याच्या सुमारास या, हात दाखवा.’

साध्या दिवसांत ही आनंदाची गोष्ट झाली असती. पण मुंबईत मिल बंद असताना मालकांचं कापड तिकडच्या मागांवर विणलं जातंय हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. तिथे कामाला जाणं म्हणजे फितुरी. खालच्या मजल्यावरचा एक जण गुपचूप मिलमध्ये कामावर गेला, तर सकाळी त्याच्या दाराच्या कडीला हिरव्या बांगड्या टांगलेल्या होत्या. त्याच्या बायकोने त्या एकेक करून काढल्या. आईने ते पाहिलं होतं. म्हणून घरात असं ठरलं की आपण कोल्हापूरचा दसरा बघायला चाललोय असं सांगायचं.

शेजारच्या खोलीतल्या मावशी, ज्यांचे यजमान संपाची एकही सभा चुकवत नसत, त्यांनी गॅलरीत आम्हाला पिशवीसकट गाठलंच.

“खंय गो? सगळीच बाहेर पडलात ती?”

“कोल्हापूर. दसरा बघूक,” आई म्हणाली.

“बघा हो, बघा. आमच्याकडे डाळीत पाणी की पाण्यात डाळ ते कळत नाही, आणि ह्यांना राजाचा दसरा!”

आईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि जिना उतरायला लागली. बाबा मला हळूच म्हणाले, “तिकडे सगळं नीट बघून ठेव. परत आल्यावर विचारतील.”

नवमीच्या सकाळी आम्ही काकांच्या घरी पोचलो. चहा झाल्याबरोबर बाबांनी पिशवीतून आपली हत्यारं काढली. तुटलेला धागा फणीतून ओढायचा आकडा आणि एक बोटभर कात्री, दोन्ही मिलमधली, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. “चला, जाऊन येऊ,” ते काकांना म्हणाले. “आज हात दाखवतो, उद्या दसरा करून परवा मोकळे.”

काका हसायला लागले. “कुठं जायाचं वो? आज खंडेनवमी. माग धुऊन, हार घालून बसवल्यात. आज-उद्या कोन हात बी लावत न्हाई त्यास्नी.”

बाबांचं तोंड पडलं. आमच्या मिलमध्ये साच्यांची पूजा दसऱ्याच्या दिवशी सकाळी व्हायची, नवमीला पाळी नेहमीसारखी सुरू असायची. वीस वर्षं तेच पाहिलेला माणूस. शस्त्रांची पूजा नवमीला असते हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यासाठी कामाची जागाच दोन दिवस बंद राहील हे डोक्यातच आलं नाही.

“मग पत्रात तसं लिहायचं ना!”

“आता खंडेनवमीला काम बंद असतंय हे काय लिवायचं असतंय व्हय?”

तेवढ्यात काकू आतून आल्या. त्यांनी बाबांच्या हातातला आकडा आणि कात्री उचलली आणि देवासमोर पाटावर नेऊन ठेवली. पाटावर काकांची कात्री, कोयता, अडकित्ता आणि घरातली विळीसुद्धा होती. सगळ्यांवर हळदकुंकू पडलं, झेंडू पडला. आता ती दसऱ्यापर्यंत हलवायची नाहीत. विळी पूजेत म्हणून आई आणि काकूंनी गवार हातानेच मोडली, वांगी तशीच अख्खी चुलीवर भाजली. आईला ते फार आवडलं नाही. “भाजी चिरल्याशिवाय कसली भाजी,” ती मला म्हणाली, पण मोडत राहिली.

दोन दिवस काढायचे होते आणि चाळीत सांगायला काहीतरी हवं होतं, म्हणून आम्ही कोल्हापूर पाहिलं. मी ते अभ्यासासारखं पाहिलं. देवळात त्या दिवशी अंबाबाईची पूजा कशी बांधली होती, भवानी मंडपात काय काय आहे, राजवाड्याच्या मनोऱ्याला घड्याळ आहे, आवारात हरणं आहेत. आत गेल्यावर तलवारी, हत्तीवरचा हौदा, दरबाराची खोली आणि पेंढा भरलेले वाघ. वाघ मी मोजले. एका वाघाच्या कानाची शिवण उसवली होती तेही लक्षात ठेवलं. बाबा आत आलेच नाहीत. बाहेर झाडाखाली बसून ते काकांना विचारत होते, मालक कसा आहे, किती माग एका माणसाकडे, पाळी किती तासांची. आई मात्र आली. एका मोठ्या काचेच्या झुंबराखाली उभं राहून म्हणाली, “ह्या पुसता कोण?”

दसऱ्याच्या संध्याकाळी चौकात आलो. देवीची पालखी आली, मागून महाराजांची लांबलचक जुनी गाडी आली. शमीची पूजा झाली, तोफ की बंदुका काहीतरी उडालं आणि मग जी झुंबड उठली, ती मी त्याआधी फक्त आमच्या गणपतीत पाहिली होती. आपट्याचं सोनं लुटायला सगळे धावले. बाबाही धावले. दहा महिने जिना उतरायचा कंटाळा करणारा माणूस कोपरं मारत गर्दीत घुसला आणि सदऱ्याचं बटण तोडून, मूठभर पानं घेऊन बाहेर आला. आम्हाला एकेक पान दिलं. उरलेली रुमालात बांधून ठेवली. मालकासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं इचलकरंजीला गेलो. पत्र्याची लांब शेड. मागांवरचे हार सुकायला लागले होते आणि माग सुरू झाले होते. मिलच्या साच्यांचा आवाज मला फक्त लांबून, भोंग्यासारखाच रस्त्यावरून ऐकून माहीत होता. इथे तो पत्र्याखाली कोंडलेला होता, दारातूनच कानांना दडे बसले.

मालक चाळिशीचा, गळ्यात टॉवेल. बाबांनी सोनं दिलं, त्याने कपाळाला लावून खिशात ठेवलं. मग एक माग दाखवला. बाबांनी पिशवीतून आकडा काढला. त्याच्यावर अजून कुंकू होतं, ते त्यांनी पुसलं नाही. तुटलेले धागे शोधले, गाठ मारली, फणीतून ओढले. दहा महिने हात रिकामा होता, तरी गाठ पाहायला त्यांना मान वाकवावी लागली नाही. मालक बघत होता.

“हात चांगला हाय,” तो काकांना म्हणाला. मग बाबांकडे वळला. “पन तुमचा संप मिटला की पळनार न्हवं?”

“नाही.”

“आनि कोकणी मानूस गणपतीला गायब हुतोय. आठ दिवस म्हनून जातोय, महिन्यानं येतोय. मला ते चालत न्हाई. गणपती न्हाई, शिमगा न्हाई. लागून सुट्टी वरसातनं एकदाच, खंडेनवमी आनि दसरा.”

कोकणातल्या माणसाला गणपतीला गावी जाऊ नको म्हणणं म्हणजे काय, हे त्या मालकाला माहीत होतं, म्हणूनच त्याने ते आधीच सांगितलं. आमच्या घराला गावी पाच दिवसांचा गणपती होता आणि मूर्ती डोक्यावरून बाबाच आणायचे. मिलमध्ये रजा मिळाली नाही तर बिनपगारी जायचे. एकदा तापात गेले होते.

बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “मूर्ती तुमचो भाव आणीत.” तेवढंच. बाबांनी हो म्हटलं.

शाळा मोडायची नाही आणि खोली सोडायची नाही हे आईने परतीच्या एस.टी.त बसायच्या आधीच ठरवलं होतं. बाबा काकांकडे राहिले आणि आम्ही दोघी मुंबईला आलो. आठवड्याची एक सुट्टी त्यांना मिळायची, पण तेवढ्यात मुंबईला येऊन परत जाणं व्हायचं नाही. दिवाळीला एक दिवस. म्हणून दरवर्षी खंडेनवमीला आम्ही कोल्हापूरला जायचो. माग हार घालून थांबले की आमचं घर दोन दिवस एकत्र यायचं.

ते दोन दिवस बाबा बहुतेक झोपून काढत. बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारा माणूस, दुसरं काय करणार. दुपारी आई त्यांच्या उशाशी बसून गवार मोडत राही आणि मला म्हणे, “जा तू, बघून ये काय नवीन असला तर.” मग मी एकटीच राजवाड्यात जायचे. नवीन काही नसायचं. वाघाचा कान दुसऱ्या वर्षी शिवला होता.

चाळीत बाबा गावी शेती बघायला गेलेत असं सांगितलं होतं. तेव्हा कितीतरी घरांतले पुरुष तसे गेलेच होते, त्यामुळे ते खपलं असं आम्हाला वाटलं. आणि कोल्हापूरहून परतल्यावर गॅलरीत माझी परीक्षा व्हायची. मावशी विचारायच्या, “काय काय बघितलंस?” मी सांगायचे, मनोरा, हौदा, झुंबर, महाराजांची गाडी, वाघ. दार उघडं ठेवून आई आत मिरच्या खुडत ऐकायची. एखादी गोष्ट राहिली तर आतून आवाज यायचा, “हरणां सांगलंस?”

तिसऱ्या वर्षीही आम्ही परतलो आणि मावशी आल्या. तोवर संप मिटला असं कोणी म्हणत नव्हतं, पण सुरू आहे असंही कोणी म्हणत नव्हतं. मिलचं फाटक बंद आणि सभाही बंद. मावशींचे यजमान दिवसभर गॅलरीत कठड्याला टेकून उभे असायचे. आधी येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचे, मग तेही थांबलं. त्या दिवशी ते नेमके खाली गेले होते.

मी सुरू केलं. “राजवाड्यात या वेळी गर्दी होती. वाघ—”

“वाघ पुरे गो बाय,” मावशी म्हणाल्या. “तीन वर्षं तेच वाघ सांगतेस. साचे किती आहेत ते सांग.”

मी आईकडे पाहिलं. आईचे हात थांबले.

“माझ्या माहेरची माणसं दर गणपतीला तुमच्याच वाडीवरून जातात,” मावशी दाराला टेकून म्हणाल्या. “पहिल्याच वर्षी सांगितलं त्यांनी. मूर्ती धाकट्याने आणली म्हणून. तुझा नवरा गणपतीला गावी नाही म्हणजे एक तर मेला नाही तर कामावर लागला. मेला असता तर तू कुंकू लावून दसऱ्याला गेली नसतीस.”

“मग इतके दिवस बोललंस कशाक नाय?” आईने विचारलं.

“बोलले असते तर आमच्या ह्यांनीच तुझ्या दाराला बांगड्या बांधल्या असत्या. तेव्हा त्यांचा जोर होता.” त्यांनी जिन्याकडे एकदा पाहिलं. “आता जोर राहिला नाही. मीच त्यांना तिकडे कामाला पाठवते म्हणते. जातील.”

पहिल्या वर्षीचा तो पाण्या-डाळीचा टोमणा आईच्या डोक्यात आला असणार, माझ्या आला होता. मग तिने सुपातली मिरची उचलली, देठ खुडलं.

“चोवीस,” ती म्हणाली. “माणूस लागता. पण गणपतीची रजा देणत नाय, ह्या आधी सांग त्यांका. आणि आकडो नि कात्री आपली न्यायची. आता मालकाक दिवाळीपर्यंत घाई आसा, ह्याच आठवड्यात धाड. पुढल्या वर्षावर टाकलंस तर खंडेनवमी गाठून पाठवू नको. दोन दिवस उगीच राजवाडो बघूचो लागता.”