उपास सुटला की गोळी

पीटीबाईंकडे नवीन माणूस आलं की त्या बस म्हणायच्या नाहीत, नाव विचारायच्या नाहीत. पाण्याची सीलबंद बाटली पुढे करायच्या. "उघड." समोरची बाई झाकणाशी झटायची, ओठ चावायची, ओढणीत धरून पिळायची. बाई हाताची घडी घालून बघत राहायच्या. मग म्हणायच्या, "नाही ना उघडत? आता घरी जाऊन 'मला काही झालेलं नाही' म्हणायचं नाही. बस."

माझ्या वेळी मी झाकण दातांनी उघडलं आणि ऐटीत बाटली त्यांच्यासमोर ठेवली. बाईंनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "छान. दात पडल्यावर काय करशील?"

ही आमची पहिली भेट. गोरेगाव पूर्वेच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आमवाताच्या रुग्णांचा गट जमायचा. तो बाई चालवायच्या. आयुष्यभर त्यांनी शाळेत पीटी शिकवलेली. आता त्यांचीच बोटं अंगठ्यापासून लांब, एका बाजूला कलली होती. शिट्टी बोटांत धरता येत नव्हती म्हणून गळ्यात दोरीला असायची आणि त्या ती मान वाकवून सरळ तोंडात घ्यायच्या.

मी दिंडोशीच्या कोर्टात स्टेनो. आमच्या सगळ्या गोतावळ्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील गिरणीत होते, आई लोकांच्या पोळ्या करायची. दोघांच्या तळहातांना घट्टे होते, माझ्या हातांना शॉर्टहँडचा वेग होता आणि त्याचा मला गर्व होता. अजूनही आहे. त्या हातांची बोटं सकाळी मिटेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, "रूमॅटॉइड. आमवात. औषध कायम चालू राहील," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मग सगळे डॉक्टर झाले. शेजारणीने वांगं बंद करायला सांगितलं, नणंदेने तांब्याचं कडं आणलं, ऑफिसमधल्या एकीने मनोरीहून कसलंसं तेल आणलं, त्याला सुक्या बोंबलाचा वास. शिकलेली आहे, वाचून समजून घेईन, म्हणून मोबाइल उघडला. एका ठिकाणी लिहिलेलं, गोळी घेतली नाही तर हात जातील. दुसऱ्या ठिकाणी, घेतली तर लिव्हर जाईल. गोळ्यांची पट्टी न फोडता पर्समध्ये घेऊन मी आठवडेच्या आठवडे फिरत होते. हात राहिले तर नोकरी, नोकरी राहिली तर घर, एवढं सरळ गणित होतं.

हे सगळं मी बाईंना सांगितलं आणि सांगता सांगता रडले. बाजूच्या बायका जवळ सरकल्या. बाईंनी शिट्टी फुंकली. "कोणी हात लावायचा नाही हिला. रड तू. पण बोटं हलवत रड. बसून रडलीस की बोटं पण बसतात." आणि खरंच, मुठी उघडमीट करत मला रडायला लावलं. मी त्या दिवशी त्यांना मनातल्या मनात घातलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

पण आजार मला नीट समजावला तो त्यांनीच. "म्हातारपणी गुडघे झिजतात ती वेगळी गोष्ट. तुझी झीज नाही. तुझंच शरीर तुझे सांधे खातंय. घरात घुसलेला चोर नव्हे, घरचाच माणूस आहे. त्याला मारता येत नाही, वेसण घालायची. ही गोळी म्हणजे वेसण. आणि ती आठवड्यातून एकदा. रोज घेतलीस तर तू राहणार नाहीस." पट्टी त्यांनी माझ्याकडून तिथेच फोडून घेतली.

आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लोक विसरतात. त्यावर बाईंची स्वतःची युक्ती होती. आपल्याकडे बहुतेक बायकांचा कुठला ना कुठला वार असतोच. बाईंनी गोळी त्या वाराला बांधून टाकली. "उपास सुटला की गोळी. डोकं चालवायचं नाही." मग माणसाचं नावच वार व्हायचं. "ए गुरुवार, खांदे वर!" "शनिवार, कण्हू नको, मोज!" मी म्हटलं, मी उपासबिपास करत नाही. "मग तुझा सोमवार. कोर्ट उघडलं की गोळी." त्या दिवसापासून मी सोमवार.

घरी माझी सासू म्हणायची, या वयात कसला संधिवात, काम नको म्हणून सोंग. हे बाईंच्या कानावर गेलं आणि त्या एका संध्याकाळी सरळ घरी आल्या. सासूबाईंच्या बोटांना आइस्क्रीमच्या काड्या लावून वरून चिकटपट्टी गुंडाळली. माझी सासू कोणाच्या बापाला ऐकत नाही, पण बाईंपुढे हात पुढे करून शाळेतल्या पोरीसारखी बसली. "आता चहा करा तिघींचा." साखर सांडली, कप फुटला, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी पट्टी सोडली नाही. "अहो, तुमची मी जाताना काढणार आहे. हिची कोण काढणार?" आणि तो अर्धा सांडलेला चहा बशीने पिऊन गेल्या. त्यानंतर आमच्या घरात सोंग हा शब्द निघाला नाही.

आमच्या गटातला मंगळवार म्हणजे शेवंतीकाकू. मूळच्या देवगडकडच्या, मुलाबरोबर गोरेगावातच संतोषनगरला राहायच्या. बाई सगळ्यात जास्त ओरडायच्या त्यांच्यावर, आणि काकू पदराआड हसायच्या. "माझी सासू हिच्यापेक्षा वायट होती गो," मला म्हणायच्या. "ही निदान माझ्या बऱ्यासाठी वरडता." बाईंसाठी डब्यातून नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या आणायच्या. बाई खायच्या आणि म्हणायच्या, "एवढं वाटण केलंस, मनगट दुखलं ना? मूर्ख."

नवरात्राच्या आधीचा रविवार होता. खांद्यांचा व्यायाम चालू होता. काकूंनी मधेच हात वर केला. "बाईनू, माका एक इचारूचा होता. आता नवरात्र येता, तर..."

बाईंनी शिट्टी फुंकली. "प्रश्न नंतर! हात वर केलाच आहेस, तर दोन्ही कर."

सगळे हसले. काकूही हसल्या आणि दोन्ही हात वर केले. नंतर बाई हॉलच्या चावीवरून सेक्रेटरीशी भांडत बसल्या, काकू डबा घेऊन निघून गेल्या.

पुढचे दोन रविवार मंगळवार आला नाही. तिसऱ्या रविवारी काकूंचा मुलगा आला, डोकं भादरलेलं. दारातच चप्पल काढून उभा राहिला. बाईंनी सवयीने बाटली उचलली होती, ती हातातच राहिली.

"आई गेली," तो म्हणाला. "तोंडभर फोड आले होते. आम्हाला वाटलं, उपासाची उष्णता. गुलकंद दिला. मग ताप चढला. ॲडमिट केलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, रक्तातल्या पेशीच संपल्यात." खिशातून त्याने रिकामी पट्टी काढली. "बाई, तुम्हीच सांगितलेलं ना, उपास सुटला की गोळी?"

बाईंनी विचारलं, "किती दिवस घेतली?"

"नऊ. नवरात्र होतं ना. रोज दिवा लागला की उपास सोडायची."

कोणीतरी मागून म्हणालं, अहो पण आठवड्यातून एकदा हे बाई हजारदा सांगतात. बाई म्हणाल्या, "गप्प बस." मग त्या मुलाकडे वळल्या. "ती मला विचारत होती. मी शिट्टी वाजवली."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "आई म्हणायची, बाई ओरडतात, पण त्यांनी सांगितलं म्हणजे डोळे मिटून करायचं." एवढं बोलून त्याने चप्पल घातली आणि गेला.

आम्हाला वाटलं, गट बंद होणार. पुढच्या रविवारी बाई सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. गळ्यात शिट्टी नव्हती. एक नवीन मुलगी आली होती, कॉलेजात शिकणारी, भेदरलेली. बाईंनी बाटली पुढे केली नाही. स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, आणि म्हणाल्या, "मी एका बाईला मारलंय. शेवंती तिचं नाव. कसं मारलं ते आधी ऐक, मग तुझं सांग." मुलीची आई तिला ओढून घेऊन गेली.

तेव्हापासून प्रत्येक नवीन माणसाला हेच. काही परत आले नाहीत. मी एकदा म्हटलं, "बाई, आता पुरे करा ना. किती दिवस स्वतःला फासावर चढवणार?"

"फाशी कसली? तुझ्या कोर्टातलं नाटक नाही हे. लोक गोळीचा वार विसरतात, मेलेली बाई विसरत नाहीत. लाज माझी आहे, वापरेन नाहीतर पुरून ठेवेन, तुला काय?"

वारांची नावं बंद झाली. व्यायामाआधी प्रश्नांची वेळ सुरू झाली. ज्या बाईंना प्रश्न आवडायचा नाही, त्या जबडा आवळून प्रत्येकाचा प्रश्न शेवटपर्यंत ऐकायच्या, कितीही फालतू असो. आणि निघताना प्रत्येकीला थांबवून विचारायच्या, "राहिलं का काही विचारायचं? आत्ता विचार." ते बघणं मला त्यांच्या शिट्टीपेक्षा जड जायचं.

गेल्या वर्षी आमवात त्यांच्या फुप्फुसात उतरला. मी बोरिवलीला त्यांच्या घरी गेले तेव्हा ऑक्सिजन लावलेला. पाणी मागितलं. उशाशी सीलबंद बाटली होती. मी ती उघडली, हातांनी, एका झटक्यात. बाईंनी पाहिलं.

"शायनिंग मारू नकोस," म्हणाल्या. घोटभर प्यायल्या. मग दम घेत घेत, "रविवार तू घ्यायचास. नवीन माणसाला शेवंतीचं सांगायचं. आणि 'एका बाईंच्या हातून झालं' असं गुळगुळीत नाही सांगायचं. माझं नाव घ्यायचं. पूर्ण."

"बाई, हे नका मागू."

"बोटं चालतात ना तुझी? मग फी समज."

पंधरवड्यात त्या गेल्या.

माझी बोटं चालतात. कोर्टात साहेब बोलतात त्या वेगाने चालतात. आणि दर रविवारी, हॉलमध्ये कोणी नवीन, घाबरलेलं येऊन बसलं की, जिने मला माझे हात परत दिले तिचं नाव मी पूर्ण घेते, आडनावासकट, आणि सांगते की हिने एका बाईला मारलं. समोरची बाई दचकते. मग गोळीचा वार ती कधी चुकवत नाही. प्रत्येक वेळी मला वाटतं, यांना सांगावं की बाई माझ्या सासूचा सांडलेला चहा बशीने प्यायल्या होत्या. पण तेवढी परवानगी मला नाही.

इथे मात्र मी त्यांना पहिल्या ओळीपासून पीटीबाईच म्हटलंय. नाव लिहिलेलं नाही. त्यांची एवढी एकच आज्ञा मी मोडली. ओरडायला त्या नाहीत.