मामांचं वरून खाली विणलेलं स्वेटर

स्वेटर या वस्तूवर माझ्या मामांइतका विश्वास असलेला माणूस अख्ख्या पवनीत सापडायचा नाही. आमच्याकडे वर्षातले दहा महिने माणूस अंगावरचा सदराही नाइलाजानं घालतो. तरी गणिताचे मास्तर म्हणून रिटायर झालेल्या मामांनी ऐन उन्हाळ्यात मांडीवर लोकर घेतली. त्यांची एकुलती एक मुलगी नर्स झाली होती आणि तिला नोकरी लागली होती थेट डेहराडूनला. "विकत घ्या ना एखादं," मी म्हटलं, तर मामा माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसं बघत म्हणाले, "दुकानातलं स्वेटर कोणाचंबी असते. हे तिचंच राहीन."

मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या बाईंनी त्यांना गळ्यापासून सुरुवात करून खाली उतरत जाणारं स्वेटर शिकवलं. त्यात म्हणे सगळा खेळ कड्यांचा. गोल सुईवर चार कड्या अडकवायच्या, म्हणजे पाठ, बाही, पोट आणि दुसरी बाही असे चार भाग पडतात. मामांना हे इतकं आवडलं की दूधवाल्यापासून मीटर बघायला आलेल्या माणसापर्यंत प्रत्येकाला खुर्चीवर बसवून ते समजावू लागले. "हे पाहा, कडी आली का तिच्या अलीकडे एक टाका वाढवाचा, पलीकडे एक. मंग कडी या सुईवरून त्या सुईवर सरकवाची. एक फेरा असा, दुसरा साधा. समजलं का?" मीटरवाला समजलं म्हणाला. मग मामांनी त्याला पुन्हा विचारलं आणि तो मीटर न बघताच गेला.

पवनीच्या बाजारात असल्या कड्या मिळेनात. म्हणून मामांनी एक पाण्याच्या बाटलीच्या झाकणाखालची घेतली, एक पडद्याची, तिसरी स्कूटरच्या किल्लीची, तीही किल्लीसकट. "किल्ली तरी काढा," मी म्हटलं. "वजनानं खूण पक्की राहते," ते म्हणाले, आणि भाजीला पायी गेले. चौथी कडी म्हणजे मामींचं जोडवं. ते पाठीच्या आणि बाहीच्या मध्ये बसलं होतं.

घोटाळा झाला तो तिथेच. मामींना सिहोऱ्याला बारशाला जायचं होतं. त्यांनी सुईवरून आपलं जोडवं सोडवलं आणि प्रामाणिकपणे त्या जागी सेफ्टी पिन अडकवली. जागा मात्र चुकली. पिन बसली पाठीच्या मधोमध. मामांनी कडीवर जेवढा विश्वास ठेवला तेवढाच पिनेवरही ठेवला आणि तिच्या दोन्ही बाजूंनी इमानेइतबारे टाके वाढवत गेले. बरंच उतरल्यावर त्यांनी ते माझ्या गळ्यात घालून पाहिलं. माझ्या पाठीवर छान गोल कुबड आलं होतं आणि एक बाही दंडाला घट्ट आवळून बसली होती.

"हे कोणासाठी विणलं? उंटासाठी?" मामी म्हणाल्या.

"तुमीच पिन लावली न!"

"मंग? मी खूण ठेवूनच गेली होती!"

मी हसून हसून खाली बसलो. मामा हसले नाहीत. "पुढच्या सोमवारी पोरगी जाऊन राहिली," एवढंच म्हणाले आणि लोकर ओढून उसवायला लागले. मामी शेजारी बसल्या आणि निघालेला धागा गुंडाळू लागल्या. त्यानंतर मामा जेवताना, बोलताना, दारात कुणी आलं तरी विणतच राहिले. कुणालाही काही समजावलं नाही.

नागपूर स्टेशनवर पोरीनं ते भर दुपारी अंगात घातलं. घामाच्या धारा लागल्या होत्या.

"काढ वो बाई, भिजून राहिली तू," मामा म्हणाले.

"राहू द्या बाबा," ती म्हणाली आणि गाडी हलेपर्यंत दारात तशीच उभी राहिली.

आम्ही घरी परतलो तेव्हा मामींनी विचारलं, "नीट बसली का गाडीत?"

"बसली." मामांनी चपला काढल्या, पंखा लावला. "बाह्या जराशा लांब झाल्या." मग आपलीच समजूत घातल्यासारखं म्हणाले, "पर होईन बरोबर. वाढून राहिली न पोरगी अजून."