मॅडमची वीस विकरं आणि अळणी वरण

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर आमच्या मॅडमएवढी माया करणारं माणूस अख्ख्या रायपुरात सापडायचं नाही. त्यांच्या वयाच्या बायका नातवंडांचे फोटो दाखवतात. मॅडम पेशीतल्या विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, चित्रं दाखवतात, तीही कणीक लागलेल्या बोटानं फ्रिजच्या दारावर काढून. जन्मभर कॉलेजात जीवरसायन शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण वर्ग सुटला नाही. आता वर्गात मी एकटीच. भाजीवाला सापडला तर तोही. एकदा कांद्याची साल सोलून त्यांनी त्याला पेशी समजावली. तो बिचारा "हव दीदी, हव दीदी" करत राहिला आणि सुटका झाल्यावर तराजू आमच्याकडेच विसरून गेला.

मी चौथी शिकलेली. गुढियारीहून चौबे कॉलोनीत त्यांच्याकडे स्वयंपाकाला येते. एकट्या राहणाऱ्या सात म्हाताऱ्या माणसांना मॅडम रोज दुपारचा डबा पाठवतात. हौस त्यांची, हात माझे. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. मॅडमना मी आवडले ती बहुतेक त्याचमुळे.

त्यांची सगळ्यात लाडकी विकरं वीस. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. मणी वीस प्रकारचे, आणि प्रत्येकासाठी एक वेगळं विकर. त्यानं आपला मणी ओळखायचा आणि ठरलेल्या हमालाच्या पाठीवर चढवायचा. त्या हमालाचं नाव आरएनए. "माळ ओवणारं यंत्र हमालाचा बिल्ला पाहते, पाठीवर काय आहे ते पाहत नाही," मॅडम सांगत. "म्हणून सगळी जोखीम चढवणाऱ्याची. समजलं काय?" मी मान हलवायची. आणि मला खरंच समजायचं, कारण डबे मीच भरत होते, आणि ते पोचवणारा ई-रिक्षावाला फक्त डब्यावरचं नाव पाहायचा.

त्यातले दोन मणी अगदी सारखे, फक्त एक जरा लहान. तो लहान मणी मोठ्याच्या जागेत खुशाल जाऊन बसतो. म्हणून मोठ्या मण्याच्या विकराला आणखी एक खोली असते, इतकी अरुंद की खरा मणी तिच्यात मावत नाही. चुकीचा तेवढा आत जातो आणि तिथे त्याला हमालाच्या पाठीवरून उतरवून टाकतात. हे मला पटावं म्हणून मॅडमनी चाळणीत शेंगदाणे आणि साबुदाणा एकत्र ओतले. विकराचं काम त्यांनी दोन मिनिटांत उरकलं. ओटाभर उडालेला साबुदाणा मी तासभर वेचला.

तेलीबांध्याच्या एका बाबूजींना डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं आहे. त्यांचं अळणी वरण मी लहान गंजात वेगळं शिजवते. एके दिवशी मी डबे भरत होते आणि विकर चूक कशी होऊ देत नाही, हे मॅडम शेजारी उभ्या राहून रंगून सांगत होत्या. ई-रिक्षावाला डबे घेऊन गेला. मी भांडी आवरायला वळले, तर लहान गंज भरलेलाच.

"मॅडम, बाबूजीच्या डब्यात मिठाचं वरण गेलं."

रिक्षावाला फोन उचलेना. बाबूजींना ऐकू कमी येतं. मॅडमनी अळणी वरण दुसऱ्या डब्यात ओतलं आणि घरातल्या चपलांवरच ऑटो थांबवला. वाटेत त्या डबा मांडीवर घट्ट धरून रिक्षावाल्याला पुन्हा पुन्हा फोन लावत राहिल्या.

तीन जिने चढेपर्यंत त्यांना धाप लागली. दार उघडं होतं आणि बाबूजी जेवायला बसले होते. मॅडमच्या तोंडून शब्द निघेना, म्हणून मलाच बोलावं लागलं. "बाबूजी, मत खाइए. इसमें नमक है. मेरी गलती हुई."

त्यांनी ताट जवळ ओढलं. "दो ही कौर खाए हैं, बेटी. कितने दिन बाद दाल दाल जैसी लगी. अब तू ले जाएगी?"

अळणी वरणाचा डबा पुढे ठेवून मी ताट उचललं. त्यांची नजर ताटाबरोबर पार मोरीपर्यंत आली. मॅडमनी तिथूनच बाबूजींच्या डॉक्टरांना फोन लावला. दोन घासांनी काही होत नाही, असं त्यांनी सांगितल्यावर माझ्या जिवात जीव आला.

परतताना मी म्हटलं, "मॅडम, आता कोणी शिकलेली बाई पाहा. मले नाही जमत."

"काहून?" त्या म्हणाल्या. "चूक तर विकराचीही होते. नाहीतर त्याले दुसरी खोली कायले लागते? तू गंज पाहिला अन् धावली, झालं तुझं काम. अन् बोलून बोलून तुले चुकवलं कोणी? मीच."

दुसऱ्या दिवसापासून डबे भरायच्या वेळी मॅडम ओट्याशी स्टुलावर तोंड मिटून बसतात. मी एकेक वरण तळहातावर घेऊन चाखते आणि मगच झाकण लावते. त्यांचे ओठ हलतात, बोट वर जातं, पुन्हा खाली येतं. त्यांना किती जड जातं ते मला दिसतं. "बोल, बोल" म्हणून माझ्या मागे लागणारे खूप भेटले. माझ्या कामासाठी स्वतः गप्प बसणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं.

हल्ली त्यांना लवकर दम लागतो. डबे गेले की मी म्हणते, "झालं मॅडम, बोला आता." कधी बोलतात. कधी नुसतं हसून म्हणतात, "आज तूच बोल न." मग मी बोलते. आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, भांडणं, नळावरच्या गोष्टी, मनात येईल ते. त्या भिंतीला डोकं टेकून डोळे मिटतात. झोप लागली असं वाटून मी थांबले की हळूच विचारतात, "मग काय झालं?"